कारखान्याच्या दारावरचा फलक मुलांना वाचता यावा

मा. पर्यावरणमंत्री, गोवा राज्य,

सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. कुंडई, मडकई, बेतोडा या औद्योगिक वसाहती आमच्याच तालुक्यात आहेत. वर्गातल्या कित्येक मुलांचे आईवडील तिथे पाळीवर जातात. प्रदूषणाचा धडा आला की मुले मात्र दिल्लीच्या हवेबद्दल लिहितात. गावाच्या वेशीवरच्या कारखान्यात काय होते, ते त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

पर्यावरण शिक्षण सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच बजावले होते. पुढे ऑक्टोबर २००३ मध्ये त्याच न्यायालयाने घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना मुख्य दाराबाहेर फलक लावायला सांगितले. आत कोणती रसायने आहेत, पाण्यात आणि हवेत काय सोडले जाते, घातक कचरा किती निघतो, हे त्यावर लिहायचे. फलक लागले. मी पाहिलेले बहुतेक इंग्रजीत आहेत आणि त्यांवरचे आकडे पुसट किंवा जुने. मुले रोज त्यांच्यासमोरून शाळेत येतात.

या फलकावरचा बीओडीचा आकडा नववीच्या मुलाला सहज समजतो. पाण्यातली घाण फस्त करायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, ते हा आकडा सांगतो. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. आकडा वाढला की माशांच्या वाट्याचा प्राणवायू घटतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची पद्धतही अवघड नाही, बारावीच्या प्रयोगशाळेत ती करता येते. खाजन शेती (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतली शेती) आणि मानशीवरची (बांधातल्या पाणदारावरची) मासळी ज्यांच्या घरात आहे, त्या मुलांना याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

शिवाय हा प्रश्न जिवाचाही आहे. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा कारखाना पेटला आणि धुराचे लोट उठले. अशा वेळी आत काय जळते आहे आणि आपण कुठे जायचे, हे भोवतालच्या गावांना आधीच ठाऊक हवे.

कारखान्यांना नुसते दोषी धरून भागणार नाही. झुआरीनगरचा खत कारखाना २०१३ मध्ये नाफ्था हे खनिज तेलापासूनचे द्रव इंधन सोडून नैसर्गिक वायूवर गेला. मोठ्या उद्योगाला असा बदल झेपतो. छोट्या काजू कारखानदाराचे काय? बिया ड्रममध्ये भाजल्या की टरफलातल्या तेलाचा झोंबणारा धूर निघतो आणि तो सर्वात आधी कामगार बायकांच्या डोळ्यांत जातो. त्याच बिया वाफेवर शिजवल्या तर हा धूर टळतो. (बॉयलरमध्ये टरफलेच जाळली तर धुराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, म्हणून इंधनाचाही विचार हवा.) त्यासाठी त्याला स्वस्त कर्ज आणि घरी येऊन सल्ला देणारा तंत्रज्ञ लागतो. दंडाची नोटीस पाठवून बॉयलर येत नाही. फर्मागुढीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना हेच प्रकल्प म्हणून द्या.

सरकारने कोडिंग आणि रोबोटिक्स शाळांत आणले, शिक्षकांना प्रशिक्षण दिले. तीच इच्छाशक्ती इथेही दाखवा. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना चालवण्याची संमती देते, तिच्या अटींत दोन ओळी वाढवा: दारावरचा फलक मराठी आणि कोकणीत, दर महिन्याच्या ताज्या आकड्यांसह; आणि वर्षातून एकदा जवळच्या शाळेला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प दाखवणे बंधनकारक. सुरक्षेच्या कारणाने आत नेता येत नसेल, तर कारखान्याच्या अभियंत्याने शाळेत येऊन समजावावे. छोट्या उद्योगांच्या स्वच्छ यंत्रांसाठी येत्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करा.

उन्हाळी सुट्टीनंतर जूनमध्ये शाळा पुन्हा सुरू होतात. त्याआधी मंडळाचे आणि शिक्षण खात्याचे अधिकारी आपण एकत्र बोलावलेत, तर पाठाची आखणी करून द्यायला आम्ही शिक्षक तयार आहोत.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक विज्ञान शिक्षिका