मागच्या ॲक्सलचा रेशो चुकीचा निघाल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
तुर्भे गोदाम, नवी मुंबई

विषय : ‘५.३८’ सांगून विकलेला ॲक्सल ४.८८ निघाल्याबाबत

महोदय,

माझ्या जुन्या फोर-व्हील जीपसाठी १२ जून रोजी आपल्या गोदामातून डिफरन्शियलसह (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसह) वापरलेला मागचा ॲक्सल १८,५०० रुपयांना घेतला. त्यावर खडूने रेशो (दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती फेरे फिरतो तो आकडा) ‘५.३८’ लिहिला होता, बिलावरही तोच आकडा आहे. पैसे देण्याआधी मी दोनदा विचारले होते, कारण पुढचा ॲक्सल ५.३८चा आहे आणि फोर-व्हील गाडीत दोन्ही सारखेच लागतात.

पहिला आठवडा काही कळले नाही. फक्त मीटरवर ५० असताना मोबाइल ५५ दाखवायचा. पूर्वी दोन्ही जुळायचे. मग पावसात येऊरच्या चढावर फोर-व्हील टाकले. वळणावर स्टिअरिंग दगडासारखे जड झाले आणि वर पोचल्यावर लिव्हर काही केल्या निघेना. थोडी गाडी रिव्हर्स घेतली तेव्हा कुठे सुटला.

ठाण्यातल्या माझ्या मेकॅनिकने झाकण उघडून दात मोजले : क्राउन (मोठा गिअर) ३९, पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) ८. भागाकार ४.८८. पुढच्या ॲक्सलमध्ये ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. पुढच्या-मागच्या चाकांत दहा टक्क्यांची ओढाताण, आणि तिचा सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर).

फोनवर आपल्या माणसाने सांगितले की रेशो काढताना एका चाकाचा ब्रेकड्रम धरून दुसरा एक फेरा फिरवला, फ्लँज (पिनियनला शाफ्ट जोडायची चकती) ‘अडीच-पावणेतीन’ फेरे फिरला, त्याची दुप्पट केली. पद्धत चुकीची नाही. एक बाजू धरली की दुसऱ्या बाजूच्या एका फेऱ्याला क्राउन अर्धाच फिरतो, तेव्हा दुप्पट करावीच लागते. पण ५.३८ला फ्लँज २.६९ फेरे फिरतो आणि ४.८८ला २.४४. हा पाव फेऱ्याचा फरक नुसत्या नजरेने कसा कळणार? फ्लँजवर खडूची खूण करून ड्रम दहा वेळा फिरवला असता तर एकात जवळपास २७ फेरे आले असते, दुसऱ्यात साडेचोवीसही नाहीत. पाच मिनिटांचे काम होते. कुर्ल्याच्या भंगारात घासाघीस करून घेतला असता तर मोजायची जबाबदारी माझी. आपण ‘तपासलेला माल’ म्हणून जास्त पैसे घेता.

‘फक्त क्राउन-पिनियन पाठवतो’ हा आपला तोडगा मला मान्य नाही. ते शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून नव्याने सेट करावे लागतात. सेटिंग चुकले तर डिफरन्शियल आयुष्यभर ओरडत राहते. मला दात मोजलेला ५.३८चा पूर्ण ॲक्सल द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. काढण्या-बसवण्याची मजुरी व ऑइल मिळून झालेले ४,२०० रुपये दोन्ही परिस्थितींत आपल्याकडून येणे आहेत. बिले सोबत जोडली आहेत.

पंधरा दिवसांत निकाल न लागल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे मला लांब जावे लागणार नाही.

ॲक्सल उतरवून मेकॅनिककडे ठेवला आहे. झाकण उघडेच आहे. न्यायला जो येईल त्याने दात स्वतः मोजावेत आणि आकडा पावतीवर लिहून सही करावी.

आपला,
(सही)
ठाणे (पश्चिम)