वीकेंडला अकराशे भाग कोण बघणार?

मा. संपादक,
स. न.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत सुट्टीत काय बघायचं त्याची चौकट येते ती आमच्या घरी सगळेच वाचतात, आणि यावेळी त्यात ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) दिसलं म्हणून खरं तर आनंदच झाला. पण वर मथळा 'वीकेंडला बघून संपवा' आणि खाली पहिलंच नाव वन पीस! अहो ती मालिका १९९९ पासून चालूच आहे, ११०० च्या वर भाग झालेत, जेवण झोप आंघोळ सगळं सोडून सलग बघत बसलं तरी अठरा दिवस जातील आणि तोवर नवीन भाग येऊन पडलेले असतील. दुसरी गोष्ट याहून सिरीयस आहे, तिच्याकडे येतोच.

एका रात्रीत संपणारं ॲनिमे शोधायला खरं तर फार कष्ट नाहीत, जपानी टीव्हीची पद्धतच तशी आहे. तिथे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चार सीझन, प्रत्येक तीन महिन्यांचा, आठवड्याला एक भाग, म्हणजे झाले १२-१३ एपिसोड, कधी ११. एक एपिसोड साधारण २४ मिनिटांचा, त्यात सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिट खातं, ती स्किप केली की १२ भाग सव्वाचार तासांत उरकतात. रात्री नऊला जेवून बसा, सव्वाला मोकळे.

पण नुसता आकडा बघून शिफारस करू नका हो, इथेच सगळे फसतात. १२ भाग आहेत म्हणजे गोष्ट संपली असं अजिबात नसतं, बऱ्याच सिरीज चालू मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, पहिला तुकडा असतात, बाराव्या भागात हिरो कुठेतरी निघतो आणि पडदा, पुढचं कधी येईल ते देव जाणे. त्यामुळे आधी बघायचं ते हे, की गोष्ट तिथल्या तिथे पूर्ण होते का. जी थेट टीव्हीसाठीच लिहिलेली असते तिच्यात हा त्रास सहसा नसतो.

माझं ऐकाल तर ऑड टॅक्सीपासून सुरुवात करा. २०२१ ची, १३ भाग, दिग्दर्शक बाकू किनोशिता, लेखक काझुया कोनोमोतो. हिरो कोण, तर ओदोकावा नावाचा ४१ वर्षांचा वॉलरस (सुळेवाला समुद्री प्राणी), टोकियोत टॅक्सी चालवतो, झोप लागत नाही, माणूस (म्हणजे वॉलरस) एकदम खडूस आणि तोंडाने फटकळ. सगळीच पात्रं प्राणी आहेत, नर्स अल्पाका, डॉक्टर गोरिला, आणि हे असं का ते विचारू नका, मी सांगणार नाही. टॅक्सीत लोक बसतात आणि बडबड करतात, कुणाला व्हायरल व्हायचंय, कुणी न चालणारा कॉमेडियन आहे, एकीकडे एक शाळकरी मुलगी बेपत्ता आहे आणि टॅक्सीच्या डॅशकॅममागे (रस्ता टिपणारा कॅमेरा) पोलीस पण लागलेत आणि गुंड पण. पहिले तीन भाग वाटतं की काय हे, नुसत्या गप्पा. मग चौथा भाग येतो, तो जवळजवळ अख्खा एका गेम कंपनीतल्या साध्या नोकरदाराचा, लहानपणी खोडरबर जमवायचा त्याचा नाद ते मोठेपणी मोबाईल गेममधला दुर्मिळ डोडो पक्षी मिळवण्यासाठी त्याने काय काय केलं ते, आणि बघता बघता हा माणूस कुठल्या थराला पोचतो ते बघून अंगावर काटा येतो, ऑनलाईन गेममध्ये पैसे घालणारी पोरं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी तर हा एक भाग बघाच. आणि ही सिरीज एका बैठकीतच बघायला हवी कारण सुरुवातीला कुणीतरी सहज बोललेलं वाक्य फार पुढे जाऊन कामाला येतं, आठवड्याला एक करत बघाल तर अर्धी मजा विसरण्यात जाईल.

दुसरी मादोका मॅजिका, २०११, १२ भाग. गुलाबी केस, बोलणारं गोंडस मांजरासारखं काहीतरी, जादूचे ड्रेस, पहिले दोन भाग बघून वाटेल पोरींसाठीचं काहीतरी गोग्गोड आहे. तिसऱ्यापर्यंत थांबा. जपानमध्ये ही चालू असतानाच ११ मार्चचा भूकंप आणि त्सुनामी झाली, शेवटचे दोन भाग थांबवले गेले आणि थेट एप्रिलच्या २१-२२ तारखेला लागले, म्हणजे तिथल्या लोकांनी त्या वळणावर महिन्याहून जास्त वाट बघितली, आपल्याला नुसतं नेक्स्ट दाबायचंय.

खेळ आवडत असेल तर पिंग पाँग, २०१४, ११ भाग, दिग्दर्शक मासाआकी युआसा. चित्रं वाकडीतिकडी आहेत, पहिल्या दहा मिनिटांत सोडून देऊ नका. टेबल टेनिसबद्दल काही कळत नसलं तरी चालतं. चीनमधून जपानला पाठवलेला काँग नावाचा खेळाडू आहे, सुरुवातीला भयंकर माजोरडा, आणि मग ख्रिसमसच्या भागात त्याची आई येते, डंपलिंग करते, तो टीममधल्या पोरांबरोबर कॅराओके गातो. मॅचपेक्षा हेच लक्षात राहतं.

उलट प्लूटोचे फक्त ८ भाग आहेत पण ती एका रात्रीत संपवू नका असं माझं मत. एकेक भाग जवळपास तासाचा, मुळात जुने मांगाकार ओसामु तेझुका यांच्या ॲस्ट्रो बॉयमधली एक गोष्ट घेऊन नाओकी उरासावाने केलेली मांगा, त्यात रोबो, खून आणि इराक युद्धाची आठवण करून देणारं एक युद्ध, एकदम पचत नाही. दोन रात्री द्या तिला.

आता तो सिरीयस मुद्दा. तुमच्या चौकटीत डेव्हिलमॅन क्रायबेबी होतं, १० भाग, युआसाचंच, २०१८. सिरीज जबरदस्त आहे, वाद नाही. पण चौकट छापली होती बालकांच्या पानावर, चित्रकोड्याच्या शेजारी! त्यात रक्तपात, सेक्स, सगळं उघड दाखवलंय, कुणी आईवडिलांनी पेपरवर विश्वास ठेवून आठवीतल्या पोराला लावून दिलं तर काय होईल विचार करा. आपल्याकडे बहुतेकांना ॲनिमे माहीत झालं ते डोरेमॉन आणि शिनचॅनच्या रूपात त्यामुळे कार्टून दिसलं की पोरांच्या पानावर टाकायची सवय झालीय, समजू शकतो, पण वर सांगितलेल्या ऑड टॅक्सी, मादोका, पिंग पाँग या तिन्ही जपानमध्येच मध्यरात्र उलटल्यावर लागायच्या. तिथे कुणी त्यांना पोरांचं कार्टून समजत नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी प्रत्येक नावापुढे एवढंच छापा: किती भाग, गोष्ट पूर्ण होते का, आणि वय काय. जागा असली तर भाषा पण टाका. मराठी सबटायटल मला तरी अजून कुठे सापडली नाहीत, त्यामुळे घरातलं मोठं माणूस सोबत बसलं की शेजारून सगळं समजावून सांगावं लागतं, आणि ऑड टॅक्सीत यानो नावाचा गुंड आहे साळिंदर, तो धमक्यासुद्धा रॅप करत यमकात देतो, त्याचं मराठी करून दाखवा एकदा.

आपला नियमित वाचक,
नाशिक