डॉक्टरांना हे आधी सांगायचं

कोल्हापूर

प्रिय राजू,
अनेक आशीर्वाद.

पुण्यात आजारी पडलास तर डॉक्टर ताप कधीपासून, ॲलर्जी कशाची, एवढंच विचारतील. जन्म कितव्या आठवड्यात झाला हे मिसरूड फुटलेल्या पोराला कोण विचारतंय? तू आपणहून सांगायचं, की मी सव्विसाव्या आठवड्यात जन्मलो, वजन 850 ग्रॅम, व्हेंटिलेटरवर होतो, पोटातले दिवस धरून 36 आठवडे भरले तरी ऑक्सिजन लागत होता. फाईलवर त्याला बीपीडी लिहिलंय, ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेसिया, म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळांना होणारा फुप्फुसांचा आजार. नाव पाठ कर.

तेवढ्या दिवसांत फुप्फुसं तयार झालेली नसतात. ती उघडी राहावीत म्हणून आतून सरफॅक्टंट नावाचा पातळ थर लागतो, तो पुरेसा व्हायला चौतिसावा आठवडा तरी उजाडतो. तो नसला की ओल्या पॉलिथिनच्या पिशवीच्या दोन्ही बाजू चिकटाव्यात तसं प्रत्येक श्वासाला आत मिटून जातं. तुला ते सरफॅक्टंटच औषध म्हणून नळीतून थेट फुप्फुसात दिलं. त्याआधी मला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली होती, पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई या डॉक्टरांनी 1972 साली त्याचा उपयोग दाखवून दिला. अंबाबाईला हात जोडते तेव्हा मी त्यांचीही नावं घेते.

तू काचेत होतास. पायाला पट्टीनं बांधलेला तांबडा दिवा लुकलुकायचा आणि तुझ्या तळव्यातून तो उजेड आरपार दिसायचा, इतकी कातडी पातळ. मध्येच तू श्वास घ्यायचाच विसरायचास. मशीन वाजायचं, सिस्टर हात घालून तळव्याला टिचकी मारायच्या, की परत छाती हलायची. त्यासाठीच तुला कॅफिन देत होते, चहाकॉफीत असतं तेच.

हृदयाचंही ऐक. पोटात असताना फुप्फुसांना काम नसतं, म्हणून रक्त त्यांना वगळून जावं अशी एक जोडनळी असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती दोन-तीन दिवसांत बंद होते. तुझी उघडीच राहिली, रक्त उलटं फुप्फुसात भरायला लागलं. औषधानं बंद झाली, ऑपरेशन टळलं. फाईलमध्ये पीडीए लिहिलंय ते हेच.

आता तू म्हणशील, मी ठणठणीत आहे. आहेसच. फुप्फुसातले बहुतेक वायुकोश जन्मानंतरच तयार होतात, तुझेही घरी आल्यावर वाढले. पण इतक्या लवकर जन्मलेल्यांच्या श्वासनळ्या मोठेपणीही थोड्या अरुंद राहू शकतात. फुटबॉलच्या दुसऱ्या हाफमध्ये तुला दम लागतो त्यात तुझा आळस नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेव. खेळ मात्र सोडायचा नाही, रोज पळायचं. ही धाप दम्यासारखी दिसते, पण दमाच असेल असं नाही आणि औषधही तेच लागू पडेल असं नाही. म्हणून तर जन्माचं सांगायचं.

अशा मुलांचं ब्लडप्रेशर तरुणपणीच इतरांपेक्षा थोडं जास्त भरतं, असं अभ्यासांत दिसलंय. हृदयाचे कप्पे जरा लहान, भिंती जाड असंही एमआरआयमध्ये आढळलंय. सरफॅक्टंट सर्रास वापरात आलं 1990 च्या सुमारास. तेव्हा त्यावर जगलेली मुलं आत्ता कुठं पस्तिशीत पोचलीत. त्यांच्या साठीत काय होईल ते आज कुणी ठामपणे सांगू शकत नाही. घाबरवत नाही रे, वर्षातून एकदा ब्लडप्रेशर मोजून घे, इतकंच मागते.

आणि सिगारेट. एकसुद्धा नाही. दोस्त ओढत असतील तर तिथून उठायचं, मग कुणी काहीही म्हणो. तुझ्या पप्पांनी तुझ्यासाठी शेतात पाचट पेटवणं बंद केलं, सरीतच कुजवतात. शेजाऱ्यांशी त्यावरून वाजलं, तरी ऐकलं नाहीत. गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ तुला ताज्या काकवीसाठीसुद्धा थांबू दिलं नाही, तेव्हा रुसायचास. आता होस्टेलवर तुझं तुलाच बघायचंय.

फाईलची झेरॉक्स बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलीय, मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेव. फ्लूची लस जायच्या आधी इथंच घेऊया. शनिवारी पप्पांना सुट्टी आहे, तेव्हा जाऊ.

तुझी
आई