फोर्सेप्स कालबाह्य नाही
संपादक महोदय,

गोव्यातील वाढत्या सिझेरियनवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. लेखकाची चिंता रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यातील सिझेरियनचे प्रमाण ३९.५ टक्के निघाले, देशात ते २१.५ टक्के होते. मात्र फोर्सेप्सला, म्हणजे बाळाचे डोके धरून त्याला बाहेर ओढण्याच्या चिमट्याला, त्यांनी ‘कालबाह्य’ म्हटले, ते पटत नाही. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडलेले, डोके खाली उतरलेले, पण आई थकून गेलेली आणि बाळाचे ठोके घसरू लागलेले. अशा वेळी ऑपरेशन थिएटर सज्ज होईपर्यंतची मिनिटेही जड जातात. प्रसूतिकक्षात मी कितीदा पाहिले आहे: चिमट्याची दोन पाती एकेक करून बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना बसवायची आणि कळ आली की तिच्याबरोबरच ओढायचे. गालावरचा लालसर वळ बहुधा काही दिवसांत जातो. अननुभवी हातात आईला खोल जखमा होऊ शकतात, हे खरेच. म्हणून तर निवासी डॉक्टरांना हे काम आधी प्रतिकृतीवर, मग ज्येष्ठांच्या नजरेखाली शिकवायला हवे. ज्यांच्या हातात हे कसब आहे, ते डॉक्टर एकेक करून निवृत्त होत आहेत.

– एक निवृत्त परिचारिका, फोंडा