जागा धरणारी

खानापूर,
रविवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला आणि तुझ्या आईनं गल्लीभर पेढे वाटले. पेढा तोंडात टाकता टाकता पलीकडचे सुभेदारमामा म्हणाले, "अजून लेफ्टनंटच काय? आमच्या साडूचा पोरगा कॅप्टन झालाय की." त्यांची सगळी नोकरी मराठा लाईट इन्फंट्रीत, हिशेब लष्कराचा. मी म्हटलं, नौदलातला लेफ्टनंट म्हणजे लष्करातला कॅप्टन, आणि नौदलातला कॅप्टन तुमच्या कर्नलच्या बरोबरीचा. पटलं नाही. दुसरा पेढा मात्र घेतला.

मग रात्री मी त्या शब्दाच्या मागे लागलो. मास्तरकी सुटली तरी खोड सुटत नाही. लेफ्टनंट मूळचा फ्रेंच. 'ल्यू' म्हणजे जागा, 'तेनाँ' म्हणजे धरणारा. वरचा अधिकारी नसेल तेव्हा त्याची जागा धरणारा! मला एकदम बेळगावचा स्टँड आठवला. आपली गाडी फलाटाला लागायच्या आत तू खिडकीतून माझा पंचा सीटवर टाकायचीस. हात पोचायचा नाही, म्हणून मी कमरेला धरून उचलायचो. एकदा तो एका बाईच्या बुट्टीतल्या मेथीवर पडला आणि तिनं खास कन्नडमधून आपल्या दोघांचा उद्धार केला. म्हणजे लेफ्टनंट तू तेव्हाच झालीस. सरकारला आत्ता कळलं.

ॲडमिरलची तर गंमतच. अरबीत 'अमीर-अल-बहर' म्हणजे समुद्राचा अमीर. आपल्या 'अमीर-उमराव'मधला तोच. युरोपातल्या तोंडी 'बहर', म्हणजे समुद्रच, गळून गेला. राहिलं 'अमीर-अल', नुसतं 'चा अमीर'. कशाचा ते विचारू नये! मधला 'ड' लॅटिन शब्दांच्या संगतीनं चिकटला. कान्होजी आंग्र्यांचा 'सरखेल' किताबही फारसी, अर्थ पथकाचा म्होरक्या. त्यातही समुद्र नाहीच. आणि 'आरमार' आपण पोर्तुगीजांच्या 'आर्मादा'वरून घेतलं, ज्यांच्याशी लढलो त्यांच्याकडूनच.

खांद्यावरची एक पट्टी जाऊन आता दोन आल्या असतील. जवळून फोटो काढून पाठव, सुभेदारमामांना दाखवायचाय. रजा कधी मिळते तेही कळव. बेळगावला उतरलीस की फोन कर, मी स्टँडवर येतो. पंचा अजून तोच आहे, काठ तेवढा उसवलाय.

तुझे,
आप्पा