सागरी मार्गाचे पैसे घेऊन बस महामार्गाने नेल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कोकण किनारा सहल, आसन क्र. १३ व १४, परताव्याची मागणी

महोदय,

६ फेब्रुवारीला पहाटे साडेपाचला ठाण्याहून सुटलेल्या आपल्या तीन दिवसांच्या सहलीत मी आणि माझी एकाहत्तर वर्षांची आत्या अशा दोघी होतो. माणशी ३,४५० रुपये, राहणे साध्या घरगुती खोलीत, जेवणखाण ज्याचे त्याने. बस साधी, बिगर वातानुकूलित. हे सगळे आधी सांगितले होते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार रस्त्याची आहे. आपल्या पत्रकात पहिल्या दिवसाचा मार्ग असा छापला होता: दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने पलीकडे वेसवी, मग केळशी आणि अंजर्ल्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी हर्णै, दाभोळ–धोपावे फेरी, गुहागर, तवसाळ–जयगड फेरी आणि गणपतीपुळे. कोकण ज्याच्या पायाखालचे आहे त्याला हे वाचताच कळते की या सहलीची सगळी गंमत खाड्यांत आहे. महामार्ग आतून, डोंगराच्या अंगाने जातो. किनाऱ्याने जायचे तर खाडी आडवी येतेच, गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते आणि तेवढा वेळ माणसे कठड्याला टेकून वारा खातात. त्या तीन फेऱ्यांसाठी मी पैसे भरले होते.

आत्याचे कारण वेगळे होते. ती मूळची अंजर्ल्याची. पूल होण्याआधी खाडी तरीतून ओलांडून गावात जावे लागे, त्या काळातली. गुडघ्यांमुळे आठ वर्षांत तिचे जाणे झाले नव्हते. कड्यावरच्या गणपतीला जायचे आणि हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायचा (घ्यायचे काही नाही, नुसता बघायचा), एवढाच तिचा बेत होता.

बसमध्ये चढलो तेव्हा अंधार होता. उजाडल्यावर आत्याने मला विचारले, "अगो, काचेवर हे काय चिकटवलंय?" आपल्या बसच्या दोन्ही बाजूंच्या काचांवर बाहेरून जाहिरातीचा कागद चिकटवला आहे. त्यात समुद्र आहे, होडी आहे, माड आहेत आणि आपला बुकिंगचा नंबर आहे. आमच्या वाट्याला माडाचे खोड आले होते. आतून पाहिले की त्या कागदाची बारीक भोके तेवढी दिसतात. बाहेरचे जग पीठ चाळायच्या चाळणीतून बघावे तसे. वडखळ गेले की माणगाव, हे पाटीवरून नव्हे, क्लीनर ओरडला म्हणून कळले. खिडकीची जागा मिळावी म्हणून मी माणशी दीडशे रुपये जास्त भरले होते, हे पावतीवर वेगळे दाखवलेले आहे.

सव्वानऊच्या सुमारास माणगाव आले. दिवेआगरला जायचे तर इथून उजवीकडे मोर्बा रोडला, म्हसळ्याच्या बाजूला वळायला हवे. बस वळली नाही. चालकाला विचारले तर म्हणाला, "पुढून जाऊ." महाडला बस पंचवीस मिनिटे थांबली. आम्हाला वाटले चहासाठी. चहा आमचा आम्ही प्यायलो; डिकीतून मात्र खोके उतरत होते. टाइल्सचे असावेत, चौघांना उचलताना घाम फुटला होता. पुढचे खोके खेडला आणि चिपळूणला द्यायचे होते, हे क्लीनरने अगदी सरळपणे सांगितले. त्याला बिचाऱ्याला त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. थोडक्यात, ज्या वाटेने खोके जायचे त्या वाटेने आम्ही चाललो होतो.

पोलादपूरला आत्या म्हणाली, "आता समुद्र कसला दाखवतायत? हा तर घाट आला." कशेडीचा बोगदा ओलांडला तेव्हा बसमधले आठ-दहा जण उठून पुढे गेले. तेव्हा चालकाने सांगितले की बागमांडल्याची फेरीबोट बंद आहे, आता थेट गणपतीपुळे, दोन्ही रात्री तिथेच. फेरीबोट बंद नव्हती. त्याच दिवशी दुपारी माझा चुलतभाऊ हरिहरेश्वरहून त्याच बोटीत स्वतःची गाडी घालून अंजर्ल्याला आला. त्याची पावती मी सोबत जोडली आहे. आणि समजा, बंद असती तरी दिवेआगर आणि हरिहरेश्वर खाडीच्या अलीकडे आहेत. तिथे जायला बोट कशाला लागते?

खेडच्या अलीकडे, भरणे नाक्यावर, आम्ही दोघी उतरलो. बॅगा काढायला डिकी उघडली तर आमच्या बॅगा खोक्यांखाली. आत्याच्या पिशवीतला लाडवांचा डबा चेपला होता. रिक्षाने खेडच्या बसस्थानकावर गेलो, दापोलीची लाल गाडी मिळाली, दापोलीहून अंजर्ले. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. दोघींना मिळून जेवढे पडले तेवढ्यात आपल्या महाडच्या थांब्यावर दोन मिसळी आल्या नसत्या. काचा स्वच्छ नव्हत्या, पण उघडत होत्या. सूर्य बुडायच्या आधी आत्याने खाडी पाहिली आणि मला म्हणाली, "तरीचा धक्का तिथे होता बघ." हाताचे बोट बराच वेळ तिकडेच धरून होती.

सोमवारी मी आपल्या कार्यालयात फोन केला. पलीकडच्या मुलीने सांगितले, "मॅडम, बजेट टूरमध्ये रूट ॲडजस्ट होतो." पत्रकात असे कुठेही लिहिलेले नाही, मी दोनदा वाचले. आणि स्वस्तातली सहल म्हणून मी गादी मागितली नाही, एसी मागितला नाही, पाण्याची बाटलीसुद्धा मागितली नाही. छापलेला रस्ता तेवढा मागितला.

माझ्या मागण्या अशा. दोघींचे मिळून भरलेले ६,९०० रुपये परत करावेत. ठाणे ते भरणे नाका एवढ्या प्रवासाचे एसटीचे साधे भाडे त्यातून कापून घ्यायला माझी हरकत नाही. खिडकीच्या जागेचे वेगळे घेतलेले ३०० रुपये मात्र पूर्ण द्यावेत. प्रवाशांच्या सहलीत माल नेण्याबद्दल लेखी खुलासा करावा. आणि ते पत्रक अजून वाटले जात असेल तर एकतर त्यातला मार्ग बदलावा, नाहीतर बसचा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, हे मी चौकशी करून घेतले आहे.

आपली,
आसन क्र. १३ ची प्रवासी, ठाणे

सोबत: बुकिंगची पावती, छापील पत्रक, फेरीबोटीच्या पावतीची प्रत, भरणे नाक्यावर खोके उतरवतानाचे दोन फोटो, आसन क्र. १३ वरून खिडकीचा काढलेला एक फोटो.