सूचना : रविवारी म्यान, पाती आधी तपासून आणा

सभासदहो, रविवारी सकाळी ९ वाजता म्यानं शिवायला बसतोय. ज्यांच्या सुरीच्या पात्याला पाणी द्यायचं (म्हणजे लाल तापवून बुडवायचं, कडक करायचं) राहिलंय त्यांच्यासाठी : कमानपाट्याचं (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं) पोलाद तेलातच बुडवा, तेल ५०-६० अंश सेल्सिअस गरम. साध्या पाण्यात बरेचदा तडा जातो. वरची काळी खपली घासून काढा आणि कानस फिरवून बघा. कानस घसरली पाहिजे. कानस पोलाद खात असेल तर पातं कडक झालेलं नाही, पुन्हा भट्टीत. कानस घसरली की मग पातं २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा तापवा, म्हणजे ठिसूळपणा जातो. हे टाळलं की पातं पडताच काचेसारखं तुटतं.

चामडं ३ ते ३.५ मिमी, झाडाच्या सालीत कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं असतं तसलं. क्रोमच्या क्षारात कमावलेलं नको, त्यावर नक्षीचा ठसा टिकत नाही. चामडं भिजवल्यावर घाई नको. वरचा रंग परत फिकट व्हायला लागला की ठसे मारा. चिंब असताना मारलेला ठसा फुगून पुसट होतो (गेल्या खेपेला निम्म्या म्यानांचं हेच झालं).

धारेच्या बाजूला शिवणीत १० मिमी रुंद पट्टी घालायचीच, नाहीतर धार दोरा कापते. ओलं म्यान बसवताना पातं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, गंज धरतो. पक्की धार सगळ्यात शेवटी.

आरी, दोन सुया आणि मेणाचा दोरा ज्याचा त्याने आणावा.